वाटीवाले दातार

या अंकाच्या संपादिकाबाई माझ्याकडं आल्या होत्या पांढऱ्या रश्श्याची कृती मागायला. मी म्हटलं, कृती वाचून रस्सा जमला असता तर माझी खानावळ केव्हाच बंद पडली असती. त्यापेक्षा जेवणाऱ्यांबद्दल लिहिते. बाई म्हणाल्या, "चालेल, पण जरा गोड लिहा, दिवाळी आहे." गोडाचं मी काही सांगत नाही. माझा हात पहिल्यापासून तिखटाचा.

शिवाजी पेठेत आमच्या घराच्या पुढच्या सोप्यात मी खानावळ चालवली. एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराला सुरू केली, ती गुडघ्यांनी संप पुकारेपर्यंत. माहेर माझं पेठ वडगावचं, शाळा सातवीपर्यंत. नवऱ्याचं कोपऱ्यावर सायकलचं दुकान होतं. दुकानात गिऱ्हाईक कमी आणि गप्पा जास्त, म्हणून घरात कुणीतरी काहीतरी करणं भाग होतं.

खानावळीत महिन्यानं जेवणारा तो मेंबर. त्याला दोन वेळचं ताट. गावाला जाणार असेल आणि आधी सांगितलं, तर त्याचा खाडा धरायचा, म्हणजे तेवढ्या ताटांचे पैसे कापायचे. रविवारी दुपारी फीस्ट, संध्याकाळी चूल बंद. एवढाच कायदा. बाहेरच्याला वाटतं, हा धंदा स्वयंपाकाचा. स्वयंपाक तर कुणालाही येतो. खरा धंदा मेंबरांची नाटकं झेलण्याचा. "मी सगळं खातो" म्हणणाऱ्या माणसाकडं कुणी बघत नाही. पण "मी हे खात नाही" असं म्हणताना माणसाच्या तोंडावर जे तेज येतं ना, ते मी हिमालयातून परत आलेल्या साधूच्या तोंडावरसुद्धा बघितलेलं नाही.

आमच्याकडं शिंदे म्हणून एक यष्टीचे कंडक्टर होते. सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. चारी दिवस उपास. उपास म्हणजे साबुदाण्याची खिचडी, वरीचा भात, त्यावर दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस आणि "अक्का, केळं असंल तर बघा की एखादं." उरलेल्या तीन दिवसांत बिचारे चेहरा पाडून चपाती-भाजी खायचे. देवांनी आपसात बोलून आणखी एखादा वार वाढवून घ्यावा, अशी त्यांची इच्छा असावी.

दुसरा बाजीराव पैलवान. गारगोटीकडचा, पेठेतल्याच तालमीत असायचा. दारातून आत आला की सोप्यात अंधार पडायचा. मैदानात भल्याभल्यांना पाठीवर पाडणारा हा गडी भेंडी बघितली की उंबऱ्याबाहेर. कारण विचारलं तर म्हणायचा, "अक्का, तिला लाळ सुटती." ह्यापुढं एक शब्द नाही. माझी खात्री आहे की त्याच्यामागं काहीतरी असणार. पण त्यानं सांगितलं नाही, आणि त्याला चितपट करून विचारावं एवढी माझ्या अंगात ताकद नव्हती.

अशा मंडळींत दातार आले.

वय तिशीच्या अलीकडं. सरकारी कचेरीत कारकून, नुकतेच बदलून आलेले. पुढच्या बोळात खोली घेतली होती. अंगानं काटकुळे, शर्टाला इस्त्री, बोलणं पुस्तकातल्यासारखं. दारात उभं राहून म्हणाले, "जेवणाची सोय होईल का?"

"हुईल की," मी म्हटलं. "शाकाहारी का मटण?"

"शाकाहारी. पण माझ्या काही अटी आहेत."

आमचे मालक, म्हणजे माझा नवरा, जेवून सुपारी कातरत बसले होते. ते म्हणाले, "अटी? लगीन ठरवायला आलाय काय पावणं?"

दातार हसले नाहीत. त्यांनी अटी सांगितल्या. भात एका वाटीत, भाजी दुसऱ्या, दही तिसऱ्या. ताटात एका पदार्थानं दुसऱ्याला शिवायचं नाही. आमटी नको, रस्सा नको, पातळ म्हणून काही नको. भाजी एकाच कशाची तरी, बटाटा तर नुसता बटाटा, वांगं तर नुसतं वांगं. पहिल्या पंगतीला बसवायचं, आणि जमलं तर पातेल्याचं झाकण त्यांच्यासमोर काढायचं.

"झाकण कशाला?" मी विचारलं. "आत नाग बसलाय काय?"

"तसं नाही. सवय आहे."

ते गेल्यावर मालकांनी निकाल दिला. "सोवळं हाय. आपल्या हातचं खातोय ह्येच उपकार म्हणायचं."

"सोवळं असतं तर आपल्यात कशाला आला असता? बामणांच्या खानावळी काय थोड्या हायत गावात?"

"तिथनं हाकलला असंल," मालक म्हणाले. त्यांच्याकडं कुठल्याही प्रश्नाचं उत्तर तयार असायचं. पंक्चर सोडून.

मला राग वेगळाच होता. माझ्या खानावळीत येऊन रश्श्याला हात लावायचा नाही म्हणजे देवळात येऊन देवाकडं पाठ करून बसण्यातला प्रकार. लोक लांबून सायकली मारत माझा रस्सा ओरपायला यायचे, नाक पुसत पुसत तिसरी वाटी मागायचे, आणि हा माणूस पुढ्यात बसून कोरडी भाकरी आणि बटाट्याच्या फोडी मोडणार! पण मेंबर आलेला परत पाठवायचा नसतो. मी वाट्या मांडल्या.

पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव पडलं, वाटीवाले दातार. ताटाभोवती वाट्यांचा वेढा घालून ते मधोमध बसायचे, पन्हाळ्यावरच्या किल्लेदारासारखे. ह्या वाटीतला घास संपल्याशिवाय त्या वाटीकडं बोट नाही. बाकीच्यांना वाट्या कमी पडायला लागल्या. शिंदे कंडक्टर कुजबुजायचे, "अक्का, आम्हाला दोन वाट्या दिल्या की तिसरीला तोंड वाकडं करता, आणि त्यांना आख्खं दुकान." स्वतः उपासाला खिचडी, भात, आमटी आणि कीस यांना किती वाट्या लागतात ते त्यांना दिसत नव्हतं.

बाजीरावाला तर खेळणंच मिळालं होतं. "दातारसायब, लग्नात बायकूला बी निराळ्या वाटीत बशीवणार काय?" असं म्हणून तो स्वतःच गडगडाटी हसायचा. दातार मान खाली घालून जेवायचे. जेवण झालं की ताट असं लख्ख, की घासणारी गंगू म्हणायची, "हे न्हाय धुतलं तरी चालंल."

मग मिसळीचा दिवस आला.

बाजीरावानं एका जत्रेतली कुस्ती मारली होती. पटका, गुलाल, हलगी, सगळ्या लवाजम्यासकट तो खानावळीत आला आणि म्हणाला, "अक्का, आज सगळ्यांस्नी माझ्याकडनं मिसळ." मी मटकीची उसळ केली, कट काढला, फरसाण, कांदा, लिंबू, पाव. बाजीरावानं स्वतःच्या हातानं एकेक ताटली कालवून मेंबरांना द्यायला सुरुवात केली. दातारांसमोर आला.

"मला नको, पैलवान," दातार म्हणाले. "पण तुमचं मनापासून अभिनंदन."

"अभिनंदन ऱ्हाऊ द्या. एक घास खावा. आमच्या आनंदाचं हाय."

"खरंच नको."

बाजीरावाच्या हातातली ताटली तशीच राहिली. त्याचं हसू गेलं. "म्हंजे माझ्या हातचं चालत न्हाय. मग तसं सरळ म्हणा की. इतकं दिवस आमी उगंच चेष्टा समजतोय."

सोप्यात कुणी घास चावेना. दातारांनी इकडं तिकडं बघितलं, ताटली घेतली, आणि डोळे मिटून दोन घास भराभर गिळले. तिसरा उचलला आणि ते उठून मोरीकडं धावले. पोटातलं सगळं बाहेर पडलं. मागून कुणीतरी फिदीफिदी हसलं.

बाजीराव मात्र हसला नाही. "आमचं खाऊन वकतोस?" तो ओरडला. "एवढा इटाळ हुतोय तुला?"

दातार तोंड पुसत म्हणाले, "पैलवान, तुमच्यामुळं नाही झालं हे."

"मग कुणामुळं?"

चपला पायात घालून ते बाहेर पडले.

त्यानंतर बरेच दिवस ते आलेच नाहीत. मला वाटलं, बरं झालं, वाट्या मोकळ्या झाल्या. माझ्या मिसळीचा असा जाहीर अपमान आजवर कुणी केला नव्हता. मालक जो भेटेल त्याला सोवळ्याची गोष्ट मीठमसाला लावून सांगत होते. शेवटी बाजीरावालाच राहवलं नाही. भांडण पुरं केल्याशिवाय पैलवानाला झोप लागत नाही. तो सरळ त्यांच्या खोलीवर गेला आणि तासाभरानं दातारांना दंडाला धरून घेऊन आला.

"अक्का, ह्यो गडी केळी आणि शेंगा खाऊन ऱ्हातोय. बरगड्या मोजून घ्या. केळ्यावर माणूस जगतंय व्हय?"

"केळीच का?" मी दातारांना विचारलं.

बाजीरावच म्हणाला, "सालीत असतंय म्हणं. आत कुणाचा हात लागल्याला नसतोय."

"बघा!" मालक जागेवरून उठलेच. "म्हटलं नव्हतं? इटाळच त्यो."

"मालक, इटाळ असता तर माझ्या तांब्याला तोंड लावून पाणी प्याला असता काय? आत्ता प्याला, माझ्यासमोर." एवढं बोलून बाजीरावानं दातारांना पाटावर बसवलं. "अक्का, वाट्या मांडा."

इथं खरं तर आम्ही तिघांनी डोकं चालवायला हवं होतं. पण मालकांना स्वतःचा निकाल फिरवायचा नव्हता, बाजीरावाला भूक लागली होती, आणि माझं कालवण करपायला आलं होतं. बाजीरावानं तेव्हापासून चेष्टा बंद केली एवढंच. शिंद्यांनी एकदा वाट्यांवरून काही म्हटलं, तर त्यानं नुसतं वळून बघितलं. शिंद्यांनी तो वार उपासाचा नसताना उपास केला.

पुढं एके दिवशी छत्री घेतलेले एक गृहस्थ आले. मिरजेचे शाळामास्तर. मुलीसाठी दातारांचं स्थळ बघत होते. आमच्या गावात तेव्हा रीतच होती. मुलाची चौकशी कचेरीत करायची नाही, कारण तिथं सगळे एकमेकांना सांभाळून घेतात. घरमालकाकडं करायची नाही, कारण त्याला खोली रिकामी हवी असेल तर तो मुलाची आरतीच ओवाळतो. खानावळवाली मात्र खरं बोलते, अशी एक समजूत. कुणी पसरवली ठाऊक नाही.

"मुलगा कसा आहे?" मास्तरांनी विचारलं.

"ताटात शीत टाकत नाही."

ते खूश झाले. "वा! आणि खाण्यापिण्याच्या आवडीनिवडी?"

"लग्नात वाट्या जरा जास्त द्या."

मास्तर पोट धरून हसले. त्यांना वाटलं, कोल्हापूरची बाई, बोलते अशीच. पण माणूस हौशी निघाला. लग्नात त्यांनी खरोखरच वाट्यांचा डोंगर दिला. आहेर मांडला होता तिथं मला वाट्या दाखवून म्हणाले, "तुमची आज्ञा पाळली हो." मी पदर तोंडाला लावला.

मेंबराचं लग्न म्हणजे खानावळीला सुतकच. दातारांचं ताट बंद झालं. दिवाळीला सुधाताई, म्हणजे त्यांची बायको, फराळाचे डबे घेऊन आल्या होत्या. चकल्या एका डब्यात, लाडू दुसऱ्या, करंज्या तिसऱ्या. मी मनात म्हटलं, पोरगी वळणावर आली म्हणायची.

आणि पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी, दुसरी पंगत उठून गेल्यावर, मी तांदूळ निवडत बसले असताना सुधाताई दारात उभ्या. हातात पिशवी, डोळे लाल.

"अक्का, मी मिरजेला चाललेय. कायमची. जायच्या आधी एकच विचारायचंय. तुम्ही ह्यांना असं काय घालत होतात की ह्यांना माझ्या हातचं घशाखाली उतरत नाही?"

"बस आधी," मी म्हटलं. "मिरजेच्या गाड्या काय सुटायच्या थांबत न्हाईत. झालं काय?"

ती बसली. गूळ-शेंगा पुढं ठेवल्या, त्याला हात लावला नाही. मग एकदम सुरू झाली. "फोडणीची पोळी, अक्का! रात्रीच्या उरलेल्या पोळ्या कुस्करून, कांदा, मिरची, कोथिंबीर, वर लिंबू. आमच्या घरी त्याच्यावरून भांडणं व्हायची. माझे बाबा रात्री मुद्दाम एक पोळी कमी खायचे, सकाळी फोडणीची मिळावी म्हणून. मी इथं आल्यावर कौतुकानं केली, तर हे ताटावरून उठून कचेरीला गेले. मला वाटलं, असेल काहीतरी. पुन्हा केली, पुन्हा उठले. फोडणीचा भात केला, तेच. विचारलं की म्हणतात, भूक नाही. आणि आज काय केलं माहितीय? ताट उचललं आणि माझ्यादेखत मोरीत ओतलं. तुम्हीच सांगितलं होतं ना बाबांना, शीत टाकत नाही म्हणून?"

आता मी काय सांगणार? खानावळवाली खरं बोलते या समजुतीचा निकाल लागायची वेळ आली होती.

एवढ्यात दातारच आले. दुपारच्या सुट्टीत घरी गेले असणार आणि दाराला कुलूप दिसलं असणार. धाप लागलेली. त्यांनी पिशवीकडं बघितलं, मग बायकोकडं.

"घरी चल."

"का म्हणून ते सांगा. मी केलेलं अन्न मोरीत का गेलं ते सांगा, मग येते. नाहीतर मला स्टँडवर सोडा."

"सुधा, इथं नको."

"इथंच. ह्यांच्याकडं तुम्ही इतकं जेवलात. ह्यांनाही कळू दे."

दातार भिंतीशी लावलेला पाट घेऊन बसले आणि जमिनीकडं बघत म्हणाले, "मी वारानं जेवून शिकलोय."

आताच्या पोरांना हे सांगावं लागतं. गरिबाघरचा मुलगा शिकायला गावात आला की सात घरं गाठायचा. सोमवारी ह्यांच्याकडं जेवायचं, मंगळवारी त्यांच्याकडं. मुलाचं पोट भरायचं, घरवाल्यांच्या पदरात पुण्य पडायचं. पुण्य इतक्या स्वस्तात दुसरीकडं कुठं मिळत नसावं.

"घरं चांगलीच होती सगळी," दातार सांगत होते. "एका घरी तर मला त्यांच्या मुलाच्या शेजारी बसवायचे. पण शुक्रवारचं घर मोठं होतं. तिथल्या काकू मला सगळ्यांची जेवणं झाल्यावर वाढायच्या. आदल्या रात्रीची आमटी, सकाळची भाजी, ताटांमधला भात, पोळ्यांचे तुकडे, सगळं एका पातेल्यात घालून गरम करायच्या आणि माझ्या ताटात ओतायच्या. म्हणायच्या, गोपाळकाला आहे बाळ, देवसुद्धा खातो."

"आणि तुम्ही खात होता?" सुधाताईंनी विचारलं.

"भूक लागलेली असायची. दिवसभर शाळेत मी शुक्रवारीच जास्त भुकेला असायचो, कारण गुरुवारच्या घरी कमी मिळायचं." ते थांबले. "एकदा त्या काल्यात पोळीचा तुकडा हाताला लागला. त्याच्यावर दातांच्या खुणा होत्या. कुणीतरी चावून टाकलेला. त्यांची मुलं दारात उभी राहून बघत होती, हा आता काय करतो म्हणून. काकूंनी विचारलं, काय झालं रे? मी म्हटलं, काही नाही, छान झालंय. आणि तो तुकडा खाल्ला."

माझ्या सुपातले तांदूळ तसेच राहिले. सुधाताई नवऱ्याकडं बघत होत्या, पण रडत नव्हत्या. म्हणाल्या, "हे मला सांगायचं की."

"काय सांगू? त्यांच्या अन्नावर मी मॅट्रिक झालो. जेवू घातलं त्यांनाच नावं ठेवू?"

"त्यांना ठेवू नका. पण मला ठेवलीत ती? मी तुम्हाला उष्टं घालतेय असं वाटलं तुम्हाला?"

"मला काहीच वाटत नाही त्या वेळी," दातार म्हणाले. "वास आला की मी तिथं असतो. त्या ताटापुढं."

मला राहवलं नाही. मी विचारलं, "मग तुम्ही बामणांच्या खानावळी सोडून माझ्याकडं का आलता?"

"दोन ठिकाणी गेलो होतो, अक्का. एका बाईंनी म्हटलं, उरलंय तेवढं संपवून टाका. मी तिथूनच उठलो." मग पहिल्यांदा त्यांनी वर बघितलं. "तुमच्याकडं निदान पुण्य मिळवायला कुणी मला वाढत नव्हतं."

ह्याला कौतुक म्हणावं की काय ते मला आजतागायत ठरवता आलेलं नाही. पण माझ्या खानावळीबद्दल इतकं खरं आणखी कुणी बोललं नाही.

तेवढ्यात मालक दारात दिसले. केव्हापासून उभे होते कोण जाणे. म्हणाले, "म्हंजे इटाळ न्हवता?"

"न्हवता," मी म्हटलं. "हुता तो तुमच्या टाळक्यात."

सुधाताईंनी डोळे पुसले, पिशवी काखोटीला मारली आणि नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या. "ऐका. आजपासून पोळ्या मोजक्या करीन. तुमच्या ताटात शिळं येणार नाही, मिसळलेलं येणार नाही. झाकण तुमच्यासमोर काढीन. पण मला फोडणीची पोळी आवडते. ती मी करणार आणि खाणार. स्वयंपाकघरात, दार लोटून. तेवढं चालेल?"

दातारांनी बराच विचार केला. त्यांच्या कचेरीत फायलीवर करत असतील तितका. मग म्हणाले, "चालेल. खिडकी उघडी ठेव."

दोघं निघून गेली. एखाद्या कथेत असतं तर पुढच्या रविवारी दातार माझ्याकडं येऊन तीन वाट्या रस्सा प्याले असते. तसलं काही झालं नाही. माझ्या रश्श्याची चव त्यांना शेवटपर्यंत कळली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना अजून माफ केलेलं नाही. माझंही फारसं काही सुधारलं नाही. मेंबर "मला हे चालत नाही" म्हणाला की माझी जीभ वळवळायचीच. फरक इतकाच, की आधी वाटी द्यायचे आणि मग टोमणा मारायचे.

बाकी गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पुढं कितीतरी वर्षांनी, दातार साहेब झाले होते, त्यांच्याकडं कुकर, गॅस, फ्रीज सगळं आलं होतं, तेव्हा सुधाताई एका सकाळी माझ्याकडं आल्या. "अक्का, दुपारी जेवायला या. शुक्रवारच्या काकू आल्यात."

"कोण?"

"त्याच. अंबाबाईच्या दर्शनाला आल्यात कुणाबरोबर तरी. ह्यांचा पत्ता शोधून काढला. जेवायला बोलवलंय ह्यांनी. मी एकटी असले तर तोंडातून काहीतरी निघून जाईल. तुम्ही या."

मी गेले. सुधाताईंना आधार द्यायला गेले असं मी तेव्हा म्हटलं, पण खरं म्हणजे ती बाई बघायला गेले.

मला वाटलं होतं, कुणीतरी उग्र बाई असेल. होती ती चिमणीएवढी म्हातारी. तोंडात दात नाहीत, पाठ वाकलेली, लुगडं विरलेलं. आवाज मात्र मालकिणीचा. मला बघितल्याबरोबर सांगायला लागली, "हा आमच्याकडं जेवून मोठा झाला हो. शुक्रवार आमचा असायचा. माझ्या हातचं खाऊन साहेब झालाय." दातार हसत होते, मान हलवत होते. सुधाताईंनी ओट्यावर भांडं जरा जोरातच आपटलं.

ताटं मांडली. मास्तरांनी लग्नात दिलेल्या वाट्याच होत्या त्या. काकू ताटाकडं बघून म्हणाल्या, "अगंबाई, एवढ्या वाट्या! घासायच्या कुणी?" मग भाजीची फोड तोंडात घोळवली आणि परत काढून ठेवली. चावता येईना.

"घरी काय खाता काकू?" दातारांनी विचारलं.

"खाते काय! तीन मुलं आहेत. चार-चार महिने एकेकाकडं असते. म्हातारपणी मीच वारानं जेवतेय म्हण ना." त्या स्वतःच खुदखुदल्या. मग आवाज बारीक झाला. "सुना उरलंसुरलं सगळं एकत्र करून, गरम करून देतात. म्हणतात, तुम्हाला दात नाहीत, मऊ बरं. पण मला घास उतरत नाही रे. त्यात काय काय असतं, काही कळतच नाही."

सुधाताई पळी घेऊन वळल्या. त्यांचं तोंड उघडलेलं मला दिसलं. आता बोलणार, आणि बोलावंच, असं मला अगदी मनापासून वाटलं. मी मांडी सावरून बसले.

पण त्याआधी दातारांनी काकूंचं ताट स्वतःकडं ओढलं. कुकरातला भात घेतला, त्यावर वरण घातलं, तूप घातलं, आणि स्वतःच्या बोटांनी कालवायला लागले. शीत शीत मोडून, अगदी लोण्यासारखं मऊ. इतक्या वर्षांत ह्या माणसाचा हात मी कालवणात बुडालेला बघितला नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, पण ते थांबले नाहीत. ताट काकूंसमोर ठेवून म्हणाले, "भात आत्ता झालाय, काकू. वरण ताजं आहे. त्यात फक्त तूप घातलंय, दुसरं काही नाही."

काकूंनी एक घास खाल्ला. दुसरा खाल्ला. मग म्हणाल्या, "मीठ कमी आहे रे."

मीठ कमी आहे म्हणणाऱ्याला मी जन्मभर अशी उत्तरं दिली आहेत की माणसं आळणी खाऊन गेली. पण तिथं मी पाहुणी होते.

दातारांनी डाव्या हातानं मिठाचं भांडं काकूंपुढं सरकवलं आणि मोरीत हात धुवायला गेले. नळ बराच वेळ चालू होता. काकू तोंड हलवत शांतपणे जेवत होत्या. सुधाताईंनी त्यांच्या पुढ्यात आणखी थोडा भात वाढला, वरण वाढलं, आणि मोरीकडं तोंड करून हाक मारली, "या आता. तुमच्या वाट्या निवतायत."